आपल्या मातीतली दोन सुरेल लेणी

टेंभुर्णीच्या माझ्या घरात दोन ध्वनिमुद्रिका मानाच्या. पहिली, शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीची, १९७४ सालची ‘शिवकल्याण राजा’. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, स्वर लतादीदींचा, निवेदन बाबासाहेब पुरंदऱ्यांचं. तिच्यात कवी भूषण, सावरकर, कुसुमाग्रज यांच्यासोबत समर्थ रामदास भेटतात. आणि समर्थ तर आपल्याच जालना जिल्ह्यातल्या जांबचे!

दुसरी, १९७७ च्या ‘जैत रे जैत’ चित्रपटाची. कथा ठाकर आदिवासींची, संगीत पुन्हा हृदयनाथांचं, पण शब्द मराठवाड्यातल्या पळसखेडच्या शेतकरी कवीचे, ना. धों. महानोरांचे. ढोलाच्या ठेक्यावर त्यांचे शब्द ऐकताना आपल्या शिवारातल्या पहिल्या पावसाचा वास येतो. एकदा सलग, शांतपणे ऐकाच.