शहरातील शाळा आणि जीवनाशी जोडलेले शिक्षण



भगवान महावीरांनी धर्मोपदेशासाठी पंडितांची संस्कृत न निवडता लोकांची अर्धमागधी निवडली. श्रोत्याला जे आपलेसे वाटते, तेथूनच ज्ञानाचा प्रारंभ होतो, हे त्या निवडीचे मर्म होय. शहरातील शाळांना आज या मर्माची मोठी गरज आहे. विद्यार्थी फळ्यावरचे वहीत उतरवितो, परीक्षेपुरते पाठही करतो. परंतु याचा आपल्याशी काय संबंध, हा प्रश्न त्याच्या मनात तसाच राहतो. सुखवस्तू घरातील मुलाची ही उणीव खासगी शिकवणीने झाकली जाते. कष्टकऱ्याचे मूल मात्र मागच्या बाकावर सरकत जाते आणि एके दिवशी शाळेतून दिसेनासे होते.

दप्तरापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक जड असते, असा इशारा यशपाल समितीने १९९३ मध्येच दिला होता. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडण्यावर भर दिला.

हे वर्गात कसे घडावे, यासाठी मुंबईच्या पाण्याचे उदाहरण पाहावे. नळातून सेकंदाला एक थेंब गळतो. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला सुमारे ४.३ लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटरहून अधिक पाणी वाया जाते. हे झाले गणित. हे पाणी येते कोठून, हा शोध १८६० च्या विहार तलावापासून १८९२ च्या तानसा धरणापर्यंत नेतो, तो इतिहास-भूगोल. तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहे, तेथील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. तो नागरिकशास्त्राचा धडा. पाणी गाळून घ्यावे, गाळण्यावरील जीव जपून मूळ पाण्यात सोडावेत आणि गरजेपुरतेच वापरावे, या जैन आचाराचा अर्थही येथेच उमगतो.

अशा तासाला पहाटे सार्वजनिक नळावर हंडा घेऊन उभी राहणारी मुलगी वर्गातील सर्वांत जाणकार ठरते. तिचा अनुभव अभ्यासाचा विषय होतो, आणि मागचा बाक आपोआप पुढे येतो.

पाठ्यक्रम पुरा करण्याची घाई शिक्षकांना असते, हे खरेच. परंतु येथे पाठ्यक्रमाबाहेरचे काहीच नाही. केवळ प्रारंभाची जागा बदलते.

शिष्यवृत्त्या आणि वह्या-पुस्तके देण्याची समाजाची परंपरा जुनी आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तिला एक जोड मिळावी. व्यापाऱ्यांनी आपली हिशेबवही, अभियंत्यांनी आपला नकाशा, डॉक्टरांनी आपला अनुभव घेऊन वर्षातून चार दिवस शेजारच्या शाळेत जावे. चतुर्विध दानांत ज्ञानदानाला स्थान आहे. ते मुलांच्या जीवनाच्या भाषेत दिले गेले, तरच त्यांच्यापर्यंत पोचेल.