‘देस मेरा’ : कॅमेरा कोणाकडे बघतोय?

आज गाणं ‘देस मेरा’. बँड इंडियन ओशन, सिनेमा ‘पीपली लाइव्ह’, वर्ष २०१०. भरपाईसाठी कर्जबाजारी नत्था जीव देणार, हे कळताच चॅनेलवाले त्याच्या दारात ठाण मांडतात.

माध्यमांचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये एक गोष्ट मांडली. बनवणारा अर्थ भरतो, पण बघणारा तो आपल्या जागेवरून उलगडतो. कधी जसाच्या तसा घेतो, कधी अर्धा मानतो, कधी साफ नाकारतो.

हे गाणं बघून शहरातला प्रेक्षक चॅनेलवाल्यांवर हसतो. आपल्या यवतमाळात हसू अर्ध्यात थांबतं. २००८ मध्ये राहुल गांधींनी लोकसभेत जळक्याच्या कलावतीबाईंचं नाव घेतलं आणि कॅमेरे जळक्यात आले. म्हणून आपण हे गाणं नत्थाच्या ओट्यावर बसून बघतो. चॅनेलला काढलेला चिमटा आपल्याला पटतो. पण इथेही गातो बँड, आणि नत्था गप्पच! हेच हॉल यांचं अर्धं मानणं.

आता कॅमेरा आपल्या खिशात आहे. कुणाच्या दुःखाची रील काढण्याआधी एवढंच विचारा : यात बोलणार कोण, तो की मी?

भेटू पुढच्या भागात.