खरा हौशी रेडिओ कोणता?



आजचा विषय ऐकून पुष्कळांना वाटले असेल की, मूठभर छांदिष्टांचा घरगुती तंटा गावाच्या व्यासपीठावर कशाला आणला? तंटा घरगुती आहे, हे आम्हाला कबूल आहे. हौशी रेडिओ चालवणारे, ज्यांना जगभर 'हॅम' म्हणतात, त्या मंडळींत गेली काही वर्षे एक वाद धुमसत आहे. हातात मावणारा एक डिजिटल संच निघाला आहे. घरातल्या इंटरनेटची जोड मिळाली की त्याच्यावरून नागपूरशी काय आणि न्यूयॉर्कशी काय, सारख्याच सहजपणे बोलता येते. जुने लोक म्हणतात, हा रेडिओच नव्हे. हा वेष पालटलेला टेलिफोन. नवे लोक म्हणतात, तुमचा काळ सरला. यांत खरे कोणाचे ते पाहावयाचे आहे. या प्रश्नाचा आपल्या डोंगराळ तालुक्याशी फार जवळचा संबंध आहे, तोही ओघाने येईलच.

प्रथम हौशी रेडिओ म्हणजे काय ते पाहू. नभोवाणी केंद्र बोलते आणि आपण ऐकतो. पोलिसांचा बिनतारी संच त्यांच्या कामासाठी असतो. हौशी रेडिओ या दोहोंहून निराळा. आंतरराष्ट्रीय नियमांनी या सेवेचे तीन हेतू सांगितले आहेत : स्वतःचे शिक्षण, आपसांतले संभाषण आणि तांत्रिक शोध. पैशाची अपेक्षा न ठेवता आणि सरकारचा परवाना घेऊन हे करावयाचे. आपल्याकडे त्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते; ती उतरली की 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होणारे एक सांकेतिक नाव मिळते. या व्याख्येत शिक्षणाचा उल्लेख सर्वांत आधी आहे, एवढे ध्यानात ठेवा.

हौशी लोकांनी या शिक्षणातून काय मिळवले, याचा एकच दाखला देतो. १९१२ साली अमेरिकेच्या कायद्याने हौशी मंडळींना २०० मीटरच्या खालच्या लहरींत ढकलले. त्या लहरी लांब जात नाहीत, म्हणून निरुपयोगी, अशी तज्ज्ञांची समजूत होती. हौशी लोकांनी त्याच लहरींशी खटपट चालू ठेवली. १९२१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या हौशी केंद्रांचे संदेश स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर ऐकू आले, आणि १९२३ च्या नोव्हेंबरात अटलांटिकच्या दोन्ही काठांवरून दुतर्फा बोलणे झाले. टाकाऊ म्हणून दिलेल्या जमिनीत सोने निघाले! पुढे सगळ्या जगाची लघुलहरी नभोवाणी त्याच शोधावर उभी राहिली.

आता नव्या संचाकडे येऊ. तुम्ही बटण दाबून बोलता, तेव्हा संचातला सूक्ष्म संगणक तुमच्या आवाजाचे आकडे करतो. ते आकडे रेडिओलहरींवर बसून निघतात आणि टेबलावरच्या काड्यापेटीएवढ्या एका पेटीकडे जातात. तिला हॉटस्पॉट म्हणतात. तिची शक्ती साधारण १० मिलिवॉट, म्हणजे एका वॉटचा शंभरावा हिस्सा. ती पेटी ते आकडे इंटरनेटवर टाकते, दूरचा संगणक ते वाटून देतो, आणि दुसऱ्या देशातल्या तशाच पेटीतून ते पुन्हा लहरींवर येतात. म्हणजे हजारो मैलांच्या प्रवासात रेडिओची वाट किती? या टोकाला दहापंधरा पावले आणि त्या टोकाला तितकीच. मधली सारी वाट समुद्रतळाच्या तारांची आणि मोबाईल कंपन्यांच्या मनोऱ्यांची.

जुन्या लोकांच्या म्हणण्यात म्हणूनच तथ्य आहे. लघुलहरींवर बोलणाऱ्याला सूर्यावरचे डाग, दिवसरात्र, ऋतू या सर्वांचा हिशेब ठेवावा लागतो. आज जपान ऐकू येईल, उद्या येणार नाही. मिळालेले प्रत्येक उत्तर कष्टाचे असते आणि त्यातून आकाश समजत जाते. इंटरनेटच्या वाटेत हे काहीच नाही. शिवाय ती वाट परक्याची. दुसऱ्याच्या विहिरीवर मोट चालवावी तसा हा प्रकार : पाणी भरपूर, पण मालकाने दोर काढून घेतला की पीक वाळले.

परंतु जुन्यांची बाजू इथे थोडी लंगडी पडते. प्रत्येक नव्या साधनाला 'हा रेडिओ नव्हे' हे ऐकावे लागलेले आहे. ठिणगीचे प्रक्षेपक जाऊन निर्वात नळ्यांचे आले, तेव्हा कुरकुर झाली. १९५० नंतरच्या दशकात एकपट्टी प्रक्षेपण रूढ होऊ लागले, तेव्हा त्या आवाजाला बदकाची बडबड म्हणून हिणवले गेले; आज लघुलहरींवरचे बहुतेक हौशी बोलणे त्याच पद्धतीने चालते. २००३ साली जिनिव्हाच्या परिषदेने मॉर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठवली, तेव्हा आता सर्व बुडाले असे अनेकांनी म्हटले. बुडाले काहीच नाही.

'मधे दुसऱ्याचे यंत्र नको' हा नियम तर टिकतच नाही. डोंगरावरचा रिपीटर हे दुसऱ्याचेच यंत्र. आपल्या अवकाश संस्थेने ५ मे २००५ रोजी हॅमसॅट नावाचा उपग्रह खास हौशी मंडळींसाठी सोडला. २०१४ पर्यंत तो सेवेत होता. त्याच्यामार्फत बोललेले खरे आणि तारेमार्फत बोललेले खोटे, असे म्हणावयाचे तर कारण दिले पाहिजे.

ते कारण आम्हाला असे दिसते. हौशी माणसाला आपल्या संदेशाची वाट कळली पाहिजे, आणि ती तुटली तर दुसरी उभी करता आली पाहिजे. ही कसोटी लावली की निवाडा सोपा होतो.

बाजारात सिमकार्ड घालून चालणारा वॉकीटॉकी मिळतो. त्याला परीक्षा नाही, सांकेतिक नाव नाही. तो मोबाईलच आहे, फक्त बटण दाबून बोलावयाचे. त्याला हौशी रेडिओ म्हणता येणार नाही. हॉटस्पॉटवर चालणाऱ्या संचाची गोष्ट वेगळी. त्याला परवाना लागतो, नेमून दिलेल्या लहरींतच राहावे लागते, प्रत्येक वेळी आपले नाव सांगावे लागते. तो संच जुळवताना मुलगा आकड्यांतला आवाज म्हणजे काय, एका वाहिनीत आळीपाळीने दोन संभाषणे कशी बसतात, हे शिकतो. हा रेडिओ खरा आहे, पण आखूड आहे. त्या मुलाला दारातून हाकलणे जितके चुकीचे, तितकेच त्याला ओसरीवरच बसवून ठेवणेही चुकीचे. त्याला माजघरात आणले पाहिजे.

ते कशासाठी, हे इतिहासाने दोनदा सांगितले आहे. १९४२ च्या चळवळीत मुंबईतून उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला. महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी परवाने रद्द केले होते, तरी नरीमन प्रिंटर या हौशी तंत्रज्ञाच्या ज्ञानावर प्रक्षेपक उभा राहिला. नोव्हेंबरात धरपकड होईपर्यंत जागा बदलत तो आवाज चालू होता. कागदी परवाना गेला, हातातली विद्या गेली नाही. दुसरा प्रसंग २६ डिसेंबर २००४ चा. त्सुनामीने अंदमानचे टेलिफोन तुटले, तेव्हा भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी रेडिओसाठीच तेथे गेलेली तुकडी पोर्ट ब्लेअरमध्ये होती. त्यांनी लघुलहरींवरून मुख्य भूमीला संदेश पोचवले. कोण वाचले, कोणाला काय हवे, हे घराघरांना कळले. त्या दिवशी मधल्या वाटेवर विसंबणाऱ्याला गप्प बसावे लागले असते.

आता आपल्या घरी येऊ. सुरगाणा तालुका म्हणजे डोंगर आणि दऱ्या. पावसाळ्यात वीज जाते, दरड येते, आणि मोबाईलला रेंज मिळावी म्हणून माणूस टेकडी चढतो. ज्या दिवशी निरोपाची निकड सर्वांत जास्त, त्याच दिवशी इंटरनेट नसण्याचा संभव सर्वांत जास्त. मग हॉटस्पॉट ही नुसती पेटी उरते. हातातला संच एकटा किती पोचेल? माणसाच्या छातीच्या उंचीवरून रेडिओचे क्षितिज सुमारे ५ किलोमीटर. आणि मधे डोंगर आला की तेही नाही. तोच संच भोवतालच्या मुलखाहून १०० मीटर उंच जागी नेला, तर क्षितिज ४० किलोमीटरवर जाते. आपला हातगड शिवाजीमहाराजांच्या काळी ज्या कारणाने मोलाचा होता, त्याच कारणाने आजही आहे : तिथून लांबवर दिसते.

आणि डोंगर अडवतच असेल, तर त्याच्या डोक्यावरून जाता येते. सुमारे २० मीटर लांबीची तांब्याची तार घ्या, मधोमध तोडून संचाला जोडा, आणि दोन झाडांमध्ये पुरुष-दीड पुरुष उंचीवर आडवी बांधा. ७ मेगाहर्ट्झच्या लहरी तिच्यातून जवळजवळ सरळ वर जातात, वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरावर आदळतात आणि पावसासारख्या खाली पसरतात. दिवसा दोनअडीचशे किलोमीटरच्या टापूत, घाट असो की दरी, त्या पोचतात. नाशिक तर रस्त्याने सुमारे ९० किलोमीटर. रात्री हा पट्टा जवळचे सोडून लांबचे बोलू लागतो, तेव्हा ३.५ मेगाहर्ट्झकडे उतरावे आणि तार दुप्पट करावी. वीज नसेल तर ट्रॅक्टरची बॅटरी चालते. या वाटेला मनोरा नाही, बिल नाही, मालकही नाही.

म्हणून आमचे तरुणांना सांगणे असे की, हातातला डिजिटल संच जरूर घ्या. त्यावर जगाशी बोला, भीड चेपू द्या, परीक्षेला बसा. पण नांगरट झाली म्हणजे पीक आले असे नव्हे. त्याच्या पुढच्या वर्षी तार बांधा. आणि जुन्या मंडळींना विनंती की, नव्यांच्या संचाला नावे ठेवण्यात जी संध्याकाळ जाते, तीत त्यांच्यापैकी एकाला तार कापावयास शिकवा. शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांनी मनावर घेतले, तर तालुक्यात परवाना असलेली चारपाच माणसे तयार होणे अवघड नाही. मुसळधार पावसाच्या एखाद्या रात्री बाळंतिणीसाठी गाडी मागवावयाची असेल, तर त्यांतल्या एकाचा निरोप नाशिकला पोचला तरी पुष्कळ झाले.