समुद्रातील शीतल प्रकाश



पावसाळा सरल्यावर गोव्याच्या किनाऱ्यावर एखाद्या काळोख्या रात्री लाट फुटताच निळा उजेड चमकून जातो. पुष्कळदा तो नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाचा असतो. आकाराने हा जीव बहुधा मोहरीच्या दाण्याहूनही लहान.

हा उजेड अग्नीचा नव्हे. १८८७ साली राफाएल द्युबुआ या फ्रेंच शास्त्रज्ञाने फोलास नावाच्या शिंपल्यावर प्रयोग करून दाखविले की, अशा प्रकाशास दोन द्रव्ये लागतात. उष्णतेने न बिघडणाऱ्या द्रव्यास त्याने ल्युसिफेरिन म्हटले व उष्णतेने निकामी होणाऱ्यास ल्युसिफेरेज. दुसऱ्याच्या साहाय्याने पहिल्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि मुक्त झालेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. उष्णता जाणवत नाही. म्हणून हा प्रकाश शीतल.

नॉक्टिल्युकास लाटेचा वा वल्ह्याचा धक्का बसला की, त्याच्या पेशीतील सूक्ष्म कण आम्लधर्मी बनतात व ही क्रिया सुरू होते. चमक क्षणार्धात विझते.

परंतु हे दृश्य केवळ कौतुकाचे नाही. माशांच्या अन्नसाखळीचा पाया असलेल्या सूक्ष्म वनस्पती हा जीव फस्त करतो. त्याची बेसुमार वाढ झाल्यास पाण्यात अमोनिया मिसळतो, आणि तो कुजू लागला म्हणजे पाण्यातील प्राणवायू घटतो. त्याची झळ मासळीस व पर्यायाने मच्छीमारांच्या चुलीस लागते.

म्हणून पाणी रात्री चमकताना, अथवा दिवसा तांबडे वा हिरवे झालेले आढळल्यास भिऊ नये. तारीख व ठिकाण टिपून मत्स्योद्योग खात्यास कळवावे. शिक्षकांनी ही नोंद विद्यार्थ्यांकडून ठेवून घ्यावी, एवढीच विनंती.