किती मेगापिक्सेल, किती कोटी?

नवा फोन कसा आहे, एसी कोणता घ्यावा, अमुक चित्रपट चालला की आपटला, या विषयांवर मत नसलेला माणूस आज शोधूनही सापडणे कठीण. मात्र कचेरीतील डब्याच्या सुट्टीत किंवा सोसायटीच्या कट्ट्यावर व्यक्त होणारी ही मते नीट ऐकली, तर त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी एखादा आकडा असल्याचे आढळते. कॅमेरा दोनशे मेगापिक्सेलचा म्हणून भारी, पॉवर बँक दहा हजारांची म्हणून पुरेशी, चित्रपट शंभर कोटींचा म्हणून बघण्याजोगा, असा या मतांचा थाट असतो. आकड्याचा आधार घेण्यात गैर काही नाही, कारण दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकापाशी दुसरे साधन तरी कोणते असते? अडचण येते ती तो आकडा कोणी, कशासाठी आणि कोणत्या रीतीने मोजला याची चौकशी न करता त्यावरून निकाल दिला जातो तेव्हा. आणि मोजणारा व विकणारा एकच असेल, तर ही चौकशी विशेष निकडीची ठरते.

मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख चित्रबिंदू. फोर-के म्हणून विकल्या जाणाऱ्या टीव्हीच्या पडद्यावर आडव्या ओळीत ३,८४० आणि उभ्या ओळीत २,१६०, म्हणजे एकूण सुमारे ८३ लाख बिंदू असतात. तेव्हा साडेआठ मेगापिक्सेलच्या छायाचित्रात हा पडदा काठोकाठ भरण्याइतका ऐवज असतो, आणि लग्नाचे फोटो व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना धाडले जातात तेव्हा तर ते आणखी लहान होऊन पोचतात. दोनशे मेगापिक्सेलच्या फोनमधील सेन्सर, म्हणजे भिंगातून आलेला प्रकाश टिपणारा चिमुकला आयत, इतक्या बिंदूंत विभागलेला असतो की एकेका बिंदूची रुंदी सुमारे ०.६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, भरते. एवढ्याशा बिंदूच्या वाट्याला संध्याकाळच्या उजेडात फारच थोडा प्रकाश येतो, म्हणून असा फोन एरवी शेजारशेजारच्या सोळा बिंदूंनी टिपलेला प्रकाश एकत्र करून त्यांचा एकच बिंदू बनवतो. या युक्तीला पिक्सेल बिनिंग म्हणतात, आणि २०० ला १६ ने भागले की हाती साडेबाराच उरतात. भर उन्हात दूरच्या देवळाचा कळस कापून मोठा करायचा असेल तर जादा बिंदूंचा उपयोग होतो, हे मान्य केलेच पाहिजे. पण घरातल्या दिव्यात काढलेला नातवाचा फोटो कसा येईल हे सेन्सरच्या एकूण क्षेत्रफळावर, भिंगावर आणि चित्रावर संस्कार करणाऱ्या आज्ञावलीवर अवलंबून असते, आणि यांपैकी एकही गोष्ट खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेली नसते.

हा प्रकार नवा नाही. १९९० च्या दशकात टेपरेकॉर्डरवर आणि स्पीकरवर झळकणारे पीएमपीओ वॅट ज्यांना आठवतात, त्यांना हेही आठवत असेल की हजार वॅटचा तो खोका पूजेच्या मंडपात आवाज वाढवला की फाटका वाजे. कारण पीएमपीओ म्हणजे क्षणभर गाठता येईल असा कमाल शक्तीचा दावा, आणि तो मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नव्हती. सतत देता येणारी शक्ती आरएमएस या मापाने सांगितली जाते, आणि ती त्याच खोक्यावर बारीक अक्षरांत, दोनअंकी संख्येत असायची.

बारीक अक्षरांचे महत्त्व पॉवर बँकेच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसते. दहा हजार एमएएचची, म्हणजे मिलिअँपिअर-तासांची, पॉवर बँक पाच हजारांचा फोन दोनदा भरेल असे सरळ गणित ग्राहक मांडतो, आणि दीड वेळा भरून ती संपली की माल खोटा निघाला असे म्हणतो. माल बहुधा खरा असतो. माप वेगळे असते. एमएएच हे विद्युत्‌भाराचे माप आहे, ऊर्जेचे नव्हे. आतील घटाचा दाब सुमारे ३.७ व्होल्ट असल्याने दहा हजार एमएएच म्हणजे ३७ वॅट-तास ऊर्जा होते. बाहेर जाताना हा दाब ५ व्होल्टपर्यंत चढवावा लागतो, त्या हिशेबाने दहा हजारांचे ७,४०० होतात, आणि रूपांतरात काही ऊर्जा उष्णता होऊन जाते ती वेगळीच. पॉवर बँक उलटी करून पाहिली, तर पाठीवर राखाडी ठशात रेटेड कपॅसिटी या नावाखाली सहा हजारांच्या आसपासचा आकडा सापडतो, आणि ग्राहकाच्या कामाचा आकडा तोच. त्याशेजारीच वॅट-तासही छापलेले असतात, कारण विमानात खास परवानगीशिवाय १०० वॅट-तासांपर्यंतचीच पॉवर बँक, तीही केबिनमधील सामानातून, नेता येते. विमानतळावरचा तपासनीस एमएएचच्या मोठ्या ठशाकडे बघून निर्णय करत नाही.

तंत्रज्ञानाच्या बातम्यांत हल्ली वारंवार येणारा तीन नॅनोमीटरचा उल्लेखही याच जातीचा आहे. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, आणि पूर्वी चिपच्या नावातील हा आकडा ट्रान्झिस्टरच्या एखाद्या प्रत्यक्ष भागाच्या लांबीशी जुळत असे; आता ते केवळ पिढीचे नाव उरले असून, तीन नॅनोमीटर म्हणवणाऱ्या चिपवर शेजारशेजारच्या ट्रान्झिस्टरांच्या दारांमधले अंतर चाळीस नॅनोमीटरहून अधिक असते.

याउलट ज्याच्याविषयी लोक नाक मुरडतात, तो सरकारी शिक्का बराच भरवशाचा निघतो. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला, त्यानुसार २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला, आणि २००६ पासून फ्रिज, एसी अशा उपकरणांवर ताऱ्यांची पट्टी येऊ लागली. एसीचे तारे आयएसईईआर नावाच्या गुणोत्तरावर ठरतात. वर्षभरात यंत्राने खोलीतून बाहेर काढलेल्या उष्णतेला त्यासाठी खर्च झालेल्या विजेने भागले की हे गुणोत्तर मिळते, आणि त्यासाठी बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंशांच्या दरम्यान व वापर वर्षाला १,६०० तास धरला जातो. म्हणजे पट्टीवर छापलेली वार्षिक युनिटे दिवसाला सरासरी साडेचार तासांहूनही कमी वापराची आहेत. रात्रभर एसी चालवणाऱ्या घराने त्या आकड्यावरून बिलाचा अंदाज बांधला, तर महावितरणच्या बिलाने धक्का बसणारच. शिवाय तारे कायमचे नसतात. जुलै २०२२ मध्ये एसीचे निकष कडक झाले तेव्हा आधीचा पंचतारांकित एसी नव्या हिशेबात साधारण एक तारा खाली आला, आणि म्हणून पट्टीच्या मुदतीची वर्षे न वाचता जुन्या साठ्यातले यंत्र सवलतीत उचलणे शहाणपणाचे नाही. हे माप परिपूर्ण आहे असे कोणी म्हणणार नाही, कारण नागपूरचा कोरडा उन्हाळा आणि रत्नागिरीची दमट हवा यांना ते एकाच सरासरीत बसवते. परंतु त्याची रीत जाहीर आहे आणि ती सर्व उत्पादकांना सारखीच लागू आहे, एवढे त्याच्या बाजूने पुरेसे आहे.

चित्रपटाच्या बाबतीत अशी जाहीर रीतच नाही, आणि तरीही कोटींच्या आकड्यांवरून सर्वांत जास्त वाद तेथेच झडतात. गल्ल्याची बातमी वाचताना तीन वेगवेगळ्या रकमा ओळखाव्या लागतात. प्रेक्षकांनी तिकिटांसाठी मोजलेली सगळी रक्कम म्हणजे ग्रॉस, तीतून कर वजा जाता उरते ते नेट, आणि त्यातून चित्रपटगृहाचा हिस्सा गेल्यावर वितरकाच्या हाती पडतो तो शेअर. आजच्या दराने २३६ रुपयांच्या तिकिटात ३६ रुपये वस्तू व सेवा कराचे असतात, उरलेल्या २०० रुपयांची वाटणी पुढे होते. निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात २००९ मध्ये दोन महिने चाललेल्या संघर्षानंतर जे सूत्र ठरले, त्यात वितरकाला पहिल्या आठवड्यात नेटचा निम्मा भाग, आणि पुढे आठवड्यागणिक घटत जाणारा वाटा मिळतो. पहिल्या शुक्रवार ते रविवारच्या आकड्यांचा एवढा गाजावाजा का होतो, याचे बरेचसे उत्तर या सूत्रात आहे. निर्मात्याच्या दृष्टीने पहिल्या आठवड्यातला प्रेक्षक चौथ्या आठवड्यातल्या प्रेक्षकापेक्षा मोलाचा असतो. प्रेक्षकाने मात्र विक्रेत्याची ही घाई स्वतःची मानून सोमवारीच चित्रपट पडल्याचे जाहीर करावे, हे चमत्कारिक आहे.

पूर्वीचे माप आठवड्यांचे होते. प्रिंट मोजक्या निघत, एकेका चित्रपटगृहात चित्रपट मुक्काम ठोकून बसे, पंचवीस आठवड्यांना रौप्यमहोत्सव आणि पन्नासांना सुवर्णमहोत्सव साजरा होई. दादा कोंडके यांची कीर्ती ओळीने रौप्यमहोत्सव करणाऱ्या चित्रपटांमुळे झाली, आणि १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला 'शोले', ज्याला सुरुवातीच्या दिवसांत व्यापारी जाणकारांनी जवळजवळ मोडीत काढले होते, मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे चालला. तीन दिवसांचे आजचे माप त्या वेळी असते, तर त्याच्यावर कोणता शिक्का बसला असता हे वेगळे सांगायला नको. अर्थात आठवड्यांचे माप निर्दोष होते असे नाही, कारण रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळ चालू ठेवूनही महोत्सवाची पाटी लावता येत असे.

मराठी चित्रपटाची तुलना करताना तर आणखी एक गोष्ट निसटते. २९ एप्रिल २०१६ रोजी आलेला नागराज मंजुळे यांचा 'सैराट' हा शंभर कोटींच्या नोंदीपर्यंत पोचलेला पहिला मराठी चित्रपट म्हणून ओळखला जातो. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर येईपर्यंत महाराष्ट्रात मराठी चित्रपटांना करमणूक कर माफ होता, तर मुंबईत हिंदी चित्रपटांवर तो ४५ टक्क्यांपर्यंत असे. म्हणजे मूळ शंभर रुपयांचे तिकीट हिंदी चित्रपटाला १४५ रुपयांचे दिसे आणि मराठीला शंभराचेच. त्या काळातील दोन चित्रपटांच्या ग्रॉसची बरोबरी मांडणारा मराठीला त्याच्या कमाईहून कमी गुण देतो, आणि तिकिटे स्वस्त असलेल्या तालुक्याच्या गावांतून आलेली गर्दी तर या हिशेबात आणखी आकसते. आजचे पाचशे कोटी आणि पंधरा वर्षांपूर्वीचे शंभर कोटी शेजारी ठेवणाऱ्या याद्यांना तिकिटांच्या दरवाढीमुळे जवळजवळ काहीच अर्थ उरत नाही. खरे माप विकल्या गेलेल्या तिकिटांचे, आणि तेच बातमीत क्वचित असते.

फोनच्या खोक्यावर काय छापावे हे मराठी माणसाच्या हाती नाही, परंतु मराठी वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर काय सांगावे हे नक्कीच आहे. चित्रपटाच्या गल्ल्याची बातमी देताना रक्कम ग्रॉस आहे की नेट, ती निर्मात्याने सांगितली की अन्य कोणी, आणि मिळत असेल तर विकलेल्या तिकिटांची संख्या किती, या तीन गोष्टी संपादकांनी त्याच ओळीत द्याव्यात. आणि त्या नसतील, तर वाचकांनी पत्र लिहून त्या मागाव्यात.