प्रवाळांच्या टाकीत कोणाचं कोणाशी जमतं?

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढवायचे, तर मासे निवडताना रंगाआधी स्वभाव पाहावा. ऑसेलारिस क्लाउनफिश, म्हणजे 2003 च्या चित्रपटातला ‘निमो’, नवख्यांना सांभाळायला सोपा. तो सहसा प्रवाळ कुरतडत नाही आणि टाकीतच पैदास झालेला मिळतो. फिरतो मात्र एखाद्याच कोपऱ्यात.

टाकीभर हिंडणारा हवा असेल तर यलो टँग. हवाई बेटांच्या समुद्रातला हा पिवळाधमक मासा दिवसभर खडकांवरचं शेवाळ खुडत असतो. पण तो वीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो. चार फुटांहून लहान टाकीत त्याला कोंडणं हा निव्वळ क्रूरपणा आहे. त्याच्या शेपटीपाशी धारदार काटा असतो आणि नंतर आलेल्यांवर तो धावून जातो. म्हणून त्याला सर्वांत शेवटी सोडावं.

छोट्या टाकीसाठी फायरफिश शांत; मात्र दचकला की पाण्याबाहेर उडी घेतो. वर जाळी हवीच.

आणि मँडरीन? त्याच्या निळ्या-केशरी नक्षीची भुरळ कोणालाही पडेल. पण तो खडकांतले कोपेपॉड नावाचे सूक्ष्म जीव टिपून जगतो. नव्या टाकीत ते पुरत नाहीत आणि मासा हळूहळू उपाशी मरतो. दुकानात त्याला तयार खाद्य खाताना स्वतः पाहिल्याशिवाय तो घरी आणू नये.