कोर्लईच्या गडावरील चर्च



किल्ला म्हटला की आपणां पनवेलकरांच्या डोळ्यांपुढे कर्नाळ्याचा सुळका नाही तर प्रबळगड उभा राहतो. आज मी आपल्याला याच जिल्ह्यात, पण समुद्राकाठी, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईला नेणार आहे. तेथे गडाच्या माथ्यावर एक चर्च उभे आहे. उभे म्हणजे भिंती उभ्या आहेत; छप्पर केव्हाच गेले.

देवाच्या घराला तटबुरुजांचे कुंपण कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर चौलच्या वेढ्यात सापडते. पोर्तुगीजांनी १५२१ साली चौलास किल्ला बांधावयास घेतला. पुढे १५७०-७१ साली निजामशाही फौजेने ठाण्याला वेढा घातला, तेव्हा तटाबाहेर असलेल्या फ्रान्सिस्कन साधूंच्या मठातच मोर्चे बांधून पोर्तुगीजांना लढावे लागले. जेथे घंटा वाजायची तेथे बंदुका वाजू लागल्या! १५९४ साली निजामशाहीने समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर तटबंदी आरंभली, तेव्हा आपल्या गळ्याशी फास येतो आहे हे पोर्तुगीजांनी ओळखले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात हल्ला करून ती जागा घेतली.

जागाच तशी आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कुंडलिकेची खाडी आणि मधे एक अरुंद, लांबट डोंगर. खाडीत शिरणारे प्रत्येक गलबत तोफेच्या माऱ्याखालून जाणार. हा अरुंद डोंगर आडव्या भिंती घालून त्यांनी तोडून टाकला. एक दरवाजा पडला तरी शत्रूपुढे दुसरा बंद दरवाजा उभाच. अशा अनेक दारांच्या आत, उंचावर, चर्च; आणि त्याच्या जवळच पावसाच्या पाण्याचे टाके. लोक कमानीखाली उभे राहून चर्चचे कौतुक करतात आणि टाक्याकडे पाठ फिरवतात. मला मात्र ही दोन्ही एकाच विचाराची बांधकामे वाटतात. वेढ्यात सापडलेल्या माणसाला दोन गोष्टी आतच लागतात, पाणी आणि धीर.

वसई १७३९ साली पडली. १७४० च्या तहाने चौल-कोर्लई मराठ्यांकडे आले, आणि तोफा नि अंमलदार गेले. पायथ्याचे ख्रिस्ती गावकरी मात्र कोठेच गेले नाहीत. गावात माउंट कार्मेल मातेचे चर्च आहे. ते पडके नाही, माणसांनी भरते. त्यांच्या घरांतून आजही पोर्तुगीजातून निपजलेली एक बोली चालते. तिला ते ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. बोलणारी माणसे फार थोडी, मुलांची शाळा मराठीत. पडक्या भिंतीला चुना लावता येतो. भाषेची डागडुजी कोणता गवंडी करणार?

गडावर जाल तेव्हा उतरताना गावात थोडे थांबा, आणि ती बोली कानावर पडली तर नीट ऐका. शब्द पोर्तुगीज वळणाचे असतील, पण क्रियापद आपल्या मराठीसारखे वाक्याच्या शेवटी येऊन बसलेले आढळेल.